स्टेलारिस: आकाशगंगा अप्रतिम, पण डाव पन्नास वर्षांतच संपतो

स्टेलारिस हा अंतराळात साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम मी खेळायला लागलो तेव्हा ग्रहावर छोटे छोटे चौकोन असायचे, एकेका चौकोनावर एकेक पॉप, म्हणजे लोकसंख्येचा एक गट, बसवायचा, आणि जहाजांना ताऱ्यांमधून फिरायच्या तीन वेगवेगळ्या पद्धती होत्या, वार्प, वर्महोल आणि हायपरलेन. आता त्यातली हायपरलेन, म्हणजे ताऱ्यांना जोडणारे ठरलेले रस्ते, तेवढी उरली, बाकी सगळं गेलं. ९ मे २०१६ ला आलेला हा गेम, स्वीडनच्या पॅराडॉक्सचा, आणि इतक्या वर्षांत तो आतून तीन-चार वेळा तरी पूर्ण बदललाय. मी अजूनही खेळतो, मित्रांना आग्रहाने खेळायला लावतो, म्हणून हा रिव्ह्यू नवीन घेणाऱ्यांसाठी जेवढा आहे तेवढाच माझ्यासारख्या जुन्या खेळणाऱ्यांसाठीपण आहे. गेम विकत घ्यावा का, तर हो, घ्यावा. पण त्यात एक दुखणं आहे जे पहिल्या पॅचपासून (पॅच म्हणजे गेमचा अपडेट) आजपर्यंत गेलेलं नाही आणि मला त्याबद्दल नीट बोलायचंय.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच फार चांगलं आहे. साल २२००. तुमच्याकडे एक ग्रह, तीन कॉर्वेट म्हणजे छोटी लढाऊ जहाजं, एक सायन्स शिप, एक कन्स्ट्रक्शन शिप. बाहेर काय आहे काहीच माहीत नाही. सायन्स शिप एकेका ताऱ्यापाशी जातं, कुठे मेलेल्या संस्कृतीचे अवशेष सापडतात, कुठे एखादा झोपलेला राक्षसी प्राणी, आणि मग एक दिवस स्क्रीनवर अनोळखी जहाज दिसतं आणि ते कोण आहेत, बोलतील की गोळ्या घालतील, हे कळायलाच काही महिने जातात. पहिली तीस वर्षं म्हणजे २२३० पर्यंतचा हा काळ, याच्या तोडीचं मला दुसऱ्या कुठल्याच फोर-एक्स गेममध्ये, म्हणजे नकाशा शोधत साम्राज्य वाढवायच्या गेममध्ये, मिळालेलं नाही. रात्री जेवून बसलो की दोन कधी वाजतात कळत नाही.

आणि मग २२५० येतं.

कधीतरी कॉन्टॅक्ट्सची यादी उघडून बघा त्या सुमाराला. प्रत्येक शेजाऱ्यापुढे त्याची ताकद तुमच्या मानाने किती ते लिहिलेलं असतं. गेम जरा समजून खेळणारा माणूस असेल तर त्या यादीत ओळीने 'पथेटिक', 'पथेटिक', 'इन्फिरियर', म्हणजे तुमच्यापेक्षा दुबळे, असं दिसायला लागतं. म्हणजे तुम्ही जिंकलात. फक्त गेमला ते अजून माहीत नाही, कारण डिफॉल्ट सेटिंगमध्ये मिड-गेम २३०० ला सुरू होतो, एंड-गेम २४०० ला आणि विजयाचा निकाल २५०० ला लागतो. अडीचशे वर्षं बाकी आहेत आणि निकाल लागलेला आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण व्यापार खेळायचो ना, त्यात एकाकडे मुंबई-दिल्ली आली आणि त्याने हॉटेलं बांधली की पुढचा तासभर बाकीचे फक्त नोटा मोजून देत बसायचे, अगदी तसंच.

हे का होतं हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. सुरुवातीला वाटायचं की अमुक शस्त्र जास्त स्ट्राँग आहे, तमुक ओरिजिन, म्हणजे साम्राज्याची सुरुवातीची पार्श्वभूमी, तोडफोड आहे, ते नर्फ म्हणजे कमजोर केलं की होईल ठीक. तसं नाहीये. मूळ आहे पॉप्समध्ये. या गेममध्ये लोकसंख्या म्हणजेच सगळं, खनिजं तेच काढतात, संशोधन तेच करतात, अलॉय तेच बनवतात आणि अलॉय म्हणजे जहाजं. आता तुमच्या ग्रहावर पॉप्स वाढायला दशकं लागतात, पण शेजाऱ्याची राजधानी तुम्ही २२२५ च्या आसपास जिंकली तर तिथले सगळे पॉप्स एका दिवसात तुमचे. इकॉनॉमी जवळपास डबल. त्या डबल इकॉनॉमीतून दुसरा शेजारी आणखी लवकर, मग तिसरा. बळी तो कान पिळी, पण चक्रवाढ व्याजाने.

यावर उपाय म्हणून एप्रिल २०२१ च्या ३.० पॅचमध्ये जो बदल आला तो मला आजही खटकतो. तोपर्यंत लेट गेममध्ये हजारो पॉप्स व्हायचे आणि कॉम्प्युटर रडायला लागायचा, एक महिना सरायला कितीतरी वेळ जायचा. मग असं केलं की साम्राज्यात एकूण पॉप्स जितके जास्त तितका पुढचा पॉप जन्माला यायला जास्त वेळ लागणार. लॅग कमी झाला, मान्य. वरवर बघितलं तर मोठ्या साम्राज्याला लगामपण बसला. पण नीट विचार करा, नैसर्गिक वाढ मंदावली म्हणजे शांतपणे घरं-शाळा बांधत बसणाऱ्याचं नुकसान झालं, आणि ज्याने तलवार काढली त्याचं काहीच बिघडलं नाही, कारण जिंकून आणलेला पॉप तर आधीच जन्मलेला असतो, त्याला वाढीचा नियम लागतच नाही. म्हणजे मोठ्याला आवरायला केलेल्या नियमाने युद्ध करणं अजूनच फायद्याचं झालं. नंतर गेम सुरू करताना या वाढीचं प्रमाण बदलायचे स्लायडर दिले, ते चांगलं केलं, मी ते हमखास खाली आणतो.

दुसरं मूळ युद्धाच्या गणितात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लँचेस्टर नावाच्या ब्रिटिश इंजिनियरने एक साधा नियम मांडला होता की दुरून गोळीबार करणाऱ्या दोन सैन्यांची ताकद संख्येवर नाही, संख्येच्या वर्गावर ठरते. स्टेलारिसमध्ये रेंज, शील्ड, पळून जाणारी जहाजं असं बरंच काही मध्ये येतं त्यामुळे हिशोब तंतोतंत बसत नाही पण वळण तेच. समजा दोघांकडे १००-१०० सारखी जहाजं आहेत. समोरासमोर आली तर दोघंही संपतील. पण समोरच्याने ५० आधी पाठवली आणि ५० मागून, तर पहिल्या लढाईनंतर तुमची साधारण ८७ उरतात आणि दुसरीनंतर ७१. त्याची शंभरच्या शंभर गेली आणि तुमची फक्त २९. तेवढीच जहाजं, तेवढाच खर्च, आणि निकाल असा. आणि एआय, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो शत्रू, नेमकं हेच करतो, फ्लीट म्हणजे जहाजांचा ताफा तुकड्या-तुकड्यांनी पाठवतो, एक इकडे एक तिकडे, एक दुरुस्तीला, आणि आपण सगळं एकत्र बांधून डूमस्टॅक घेऊन फिरतो. फ्लीट पॉवरचा आकडा बरोबरीचा दिसत असूनही आपण एकतर्फी जिंकतो ते यामुळे.

डूमस्टॅक मोडायचा प्रयत्न फेब्रुवारी २०१८ च्या २.० मध्ये झाला, आणि माझ्या मते या गेमच्या इतिहासातला तो सगळ्यात धाडसी पॅच. तीनपैकी दोन प्रवासपद्धती काढून फक्त हायपरलेन ठेवल्या, त्यामुळे नकाशाला खिंडी आल्या, नाकी आली, स्टारबेस म्हणजे अंतराळातला तळ कुठे बांधायचा याला अर्थ आला. तेव्हा फार आरडाओरडा झाला होता, मलापण वर्महोल गेल्याचं वाईट वाटलं होतं, पण आज विचारलं तर म्हणेन बरोबर केलं, पूर्वी शत्रू कुठूनही टपकायचा आणि सीमा या शब्दालाच काही अर्थ नव्हता. त्याच पॅचमध्ये एका फ्लीटमध्ये किती जहाजं ठेवता येतील याला मर्यादा आली, संख्येने कमी असलेल्या बाजूला जरा जास्त वेगाने गोळीबार करायचा बोनस मिळाला, युद्धाचा थकवा आला. कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात लोकांनी काय केलं, तर एकाच्या जागी सहा फ्लीट केल्या आणि सहाही एकमेकींना चिकटवून पाठवल्या. मर्यादा पाळली गेली आणि डूमस्टॅक जिथल्या तिथे.

शस्त्रांबद्दल थोडक्यात. कायनेटिक म्हणजे गोळे झाडणाऱ्या तोफा शील्डला भारी, लेसर आर्मरला भारी, मिसाईल शील्डमधून आरपार, डिसरप्टर दोन्हीतून आरपार, म्हणजे दगड-कागद-कात्री नीट मांडलेली आहे. पण बरीच वर्षं लांब रेंजच्या तोफा लावलेली बॅटलशिप हेच प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं आणि मधल्या आकाराच्या जहाजांकडे कोणी बघायचं नाही. त्याच्या आधी एक काळ कॉर्वेटचा, चुकवायची क्षमता ९०% पर्यंत नेली की मोठ्या तोफा नुसत्या हवेत. नोव्हेंबर २०२२ च्या ३.६ मध्ये हे बऱ्यापैकी सुधारलं, टॉर्पेडो जितकं जहाज मोठं तितकं जास्त नुकसान करायला लागले, फ्रिगेट नावाचं टॉर्पेडोवालं छोटं जहाज आलं, आणि पहिल्यांदा मला शत्रूची फ्लीट उघडून बघून आपली डिझाईन बदलावीशी वाटली. या भागाला मी आज पूर्ण मार्क देतो. अडचण एवढीच की माणूस शत्रूचं डिझाईन बघून दोन महिन्यांत आपली जहाजं रीफिट करतो, म्हणजे शस्त्रं बदलून घेतो, आणि एआयला ती चपळाई नाही, त्यामुळे दगड-कागद-कात्री चांगली झाली तेवढा माणसाचा फायदाच वाढला.

इथेच मुद्दा येतो डिफिकल्टीचा. ग्रँड ॲडमिरलपर्यंत पायऱ्या आहेत आणि नवीन माणसाला वाटतं वरच्या पायरीवर एआय जास्त हुशार असेल. हुशारी तीच असते, वर जाल तसा त्याला फक्त उत्पादनाचा बोनस जास्त मिळत जातो. म्हणजे ग्रँड ॲडमिरलवर सुरुवातीची चाळीस वर्षं तुमची दमछाक होते कारण त्याच्याकडे फुकटचा माल आहे, आणि एकदा तुम्ही त्याला गाठलंत की पुन्हा तेच पथेटिक. त्यात स्केलिंग डिफिकल्टी नावाचा पर्याय आहे ज्यात हा बोनस शून्यापासून हळूहळू वाढत जातो. ऐकायला बरं वाटतं की सुरुवात सोपी, शेवट कठीण. पण पहिल्या तीस वर्षांत शेजारी दुबळा ठेवला म्हणजे त्याला गिळणं सोपं, आणि एकदा गिळला की शेवटी बोनस द्यायला तो उरतोच कुठे. नवीन लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तो पर्याय बंद ठेवा.

मला या सगळ्यावर विचार करताना कबड्डी आठवते. कबड्डीतपण मागे पडलेला संघ आणखी मागे पडायची सोय आहेच, एकेक गडी बाद होत गेला की पकड करायला माणसं कमी पडतात. पण खेळ ज्यांनी घडवला त्यांना हे माहीत होतं. लोण चढला की समोरच्याला दोन गुण जादा मिळतात खरे, पण तुमचे सातही गडी परत मैदानात. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली तर सुपर टॅकल, एक गुण जादा. म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत सामना फिरतो आणि आपण खुर्चीच्या टोकावर येतो. स्टेलारिसमध्ये हरणाऱ्यासाठी असं काय आहे? आक्रमकाबद्दल शेजाऱ्यांचं मत बिघडतं, बचावाचे करार होतात, फेडरेशन म्हणजे साम्राज्यांची युती आहे, २०२० पासून गॅलॅक्टिक कम्युनिटी आहे जिथे ठराव आणता येतात. पण हे सगळं मिळून पुढे गेलेल्याला अडवायला जमतच नाही, कारण घाबरलेले चार एआय एकत्र आले तरी चौघांच्या फ्लीट आकाशगंगेच्या चार कोपऱ्यांतून एकेक करून येतात आणि वरचं लँचेस्टरचं गणित त्यांना एकेक करून खातं. राजकारणाचा भाग इतका सुंदर लिहिलाय आणि त्याचा दात लागत नाही याची मला खरंच हळहळ वाटते.

हे दुखणं फक्त स्टेलारिसचं नाही हेपण सांगितलं पाहिजे. १९९६ च्या मास्टर ऑफ ओरायन २ मध्ये आपली जमात बनवायला १० गुण मिळायचे आणि त्यातले ८ एकट्या क्रिएटिव्ह गुणधर्मात घालता यायचे. बाकीच्यांना प्रत्येक टप्प्यावर एक शोध निवडून बाकीचे सोडावे लागायचे, क्रिएटिव्हला सगळेच. कॉम्प्युटरविरुद्ध ते घेतलं की मधल्या काळानंतर कोणी वाटेला जायचं नाही. पण तो गेम एका संध्याकाळीत किंवा फार तर दोन दिवसांत संपायचा, त्यामुळे डाव आधीच ठरला तरी सोसायचं. स्टेलारिसचा एक डाव तीस-चाळीस तासांचा आहे. तेवढ्यातले पहिले दहा सोन्यासारखे आणि पुढचे पंचवीस नुसते जिंकलेले ग्रह सांभाळण्यात.

एंड-गेम क्रायसिस हा या दुखण्यावरचा गेमचा स्वतःचा उपाय. २४०० नंतर कधीतरी आकाशगंगेबाहेरून प्रेथोरिन नावाची झुंड येते, नाहीतर दुसऱ्या मितीतून अनबिडन, नाहीतर आतलीच कंटिन्जन्सी नावाची यंत्रं जागी होतात. पहिल्यांदा प्रेथोरिन बघितले तेव्हाचा तो नकाशाच्या कडेवरून सरकत येणारा डाग मी विसरलेलो नाही. पण याची ताकद ठरते एका स्लायडरने, पाव पटीपासून २५ पटीपर्यंत. एक पटीवर ठेवलं तर जरा जमलेल्या खेळाडूसमोर क्रायसिस आल्या पावली परत जातो, अनबिडन तर त्यांचं पोर्टल लवकर गाठून फोडलं की खेळ खलास. २५ पटीवर ठेवलं तर तुम्ही पोचायच्या आत बाकीचे सगळे एआय मेलेले. मधला आकडा कोणता हे तुम्हाला २२०० मध्येच ठरवायचंय, म्हणजे दोनशे वर्षांनी आपली ताकद किती असेल याचा अंदाज डाव सुरू व्हायच्या आधी बांधायचा. हा आकडा गेमने स्वतः त्या वेळची परिस्थिती बघून ठरवायला हवा होता.

मित्रांबरोबर खेळताना सगळं वेगळं होईल असं वाटलं होतं. आम्ही तिघं, एक नाशिकला, एक दुबईला आणि मी ठाण्यात, शनिवारी रात्री बसायचो. माणसं डूमस्टॅक करतात, डिझाईन बदलतात, फसवतात, म्हणजे एआयचा प्रश्नच नाही. तरीपण डाव कशावर ठरायचा, तर कोणाच्या बाजूला आधी दुबळा एआय शेजारी आला यावर. दुबईवाल्याला दोन एआय लागून मिळाले, त्याने २२३५ पर्यंत दोन्ही खाल्ले. नाशिकवाल्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला फॉलन एम्पायर, म्हणजे ते प्राचीन साम्राज्य ज्याच्याशी सुरुवातीला भांडणं म्हणजे आत्महत्या. तो शांततावादी लोक घेऊन बसला होता, ग्रह सुंदर बांधले होते त्याने, आमच्यापेक्षा कितीतरी नीट. २२६० च्या आसपास तो म्हणाला, "तुम्ही खेळा रे, मी बघतो." आणि त्याने खरंच काही चूक केलेली नव्हती. पुढच्या वेळी आम्ही नियम केला की २२५० पर्यंत कोणी कोणाची राजधानी घ्यायची नाही, एआयचीसुद्धा, आणि तो आमचा आजपर्यंतचा सगळ्यात रंगलेला डाव झाला, २३४० पर्यंत कोण जिंकणार कळत नव्हतं.

न लढता, थोडेच ग्रह ठेवून खेळायचा मार्ग पूर्वी फारच पडका होता. साम्राज्याच्या आकारावर दंड होता पण बाबू नेमून तो दंड गायब करता यायचा, म्हणजे मोठ्याला काहीच तोटा नाही. फेब्रुवारी २०२२ च्या ३.३ ने ती पळवाट बंद केली, आता आकार १०० च्या वर गेला की संशोधन महाग होतंच. त्याने फरक पडला, पण दंड भरूनही मोठं होणंच फायद्याचं राहिलं. मग २०२४ च्या मे महिन्यात मशीन एज या डीएलसीबरोबर, म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या विस्ताराबरोबर, व्हर्चुअ‍ॅलिटी ही यंत्र-साम्राज्यांसाठीची वाट आली आणि काटा एकदम दुसऱ्या टोकाला, मोजके चार-पाच ग्रह घेऊन बसलेली यंत्रं अर्ध्या आकाशगंगेला संशोधनात मागे टाकायला लागली. नंतर तिला आवरलं.

आणि हेच दर वेळी होतं. २०२१ पासून जुनी डागडुजी करणारी वेगळी कस्टोडियन टीम आहे, तिचं काम मला मनापासून आवडतं, फुकट पॅचमध्ये इतकं देणारे फार थोडे. पण जेव्हा जेव्हा पाया बदलतो तेव्हा एआय चालायला नव्याने शिकतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये २.२ ने चौकोन काढून डिस्ट्रिक्ट आणि नोकऱ्या आणल्या तेव्हा एआयची साम्राज्यं उपाशी मरायची. ५ मे २०२५ ला ४.० आला, ग्रहांची रचना पुन्हा नवी, एका पॉपचे शंभर झाले, व्यापार वेगळं रिसोर्स झालं, आणि पुन्हा पहिले काही महिने एआयला स्वतःचे ग्रह धड चालवता येईनात, पॅचवर पॅच आले तेव्हा गाडी रुळावर आली. नवीन व्यवस्था जुन्यापेक्षा चांगली आहे, मला ती आवडतेय, पण शत्रू दुबळा झाला की वर लिहिलेलं सगळं दुखणं दुप्पट होतं.

तर घेणाऱ्यांसाठी. आधी फक्त बेस गेम घ्या, सेल बघून घ्या, डीएलसीच्या ढिगाकडे पहिले दोन डाव बघूच नका. पहिला डाव कॅप्टनवर, शिकायला, हरलात तरी चालेल. मग माझी सेटिंग वापरून बघा: ४०० ताऱ्यांची आकाशगंगा, राहण्याजोगे ग्रह निम्मे, ॲडव्हान्स्ड सुरुवात करणारे एआय जितके ठेवता येतील तितके, एआय आक्रमक, स्केलिंग बंद. मिड-गेम २२७५ ला, एंड-गेम २३५० ला ओढा, क्रायसिस पाच पट. आणि २२५० पर्यंत कोणाची राजधानी घ्यायची नाही हा आमचा नियम स्वतःवर घाला, एकटे खेळत असाल तरी. मी गेल्या महिन्यात असा एक डाव सुरू केलाय, २३१२ साल चालू आहे, उत्तरेच्या मशीन साम्राज्यापुढे अजूनही 'इक्विव्हॅलंट' लिहिलेलं आहे आणि त्याची फ्लीट माझ्या नाक्याच्या स्टारबेसपासून दोन उड्यांवर उभी आहे.